चादरीचं दुसरं टोक

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोल, इथं मशिनं चालू आहेत… अगं, तू होय. बोल पोरी. मामाच बोलतोय, लाँड्रीतला फोन दुसरं कोण उचलणार… झालं माझं जेवण. तुझं?… मग आधी जेव की.

हो, हो… तुझ्या गाण्याबद्दल पेपरात आलेलं कळलं. मला कुठलं वाचता येतंय एवढं बारीक, घडीवाल्या काकूंनी वाचून दाखवलं. गिटार रडते म्हणे, मागच्या बायकांचा कोरस अंगावर येतो म्हणे, आणि ऐन मध्यात गाणारीला डुलकी लागते… नाही गं, हसलो नाही. खोकलो. वाफ गेली नाकात.

काय म्हणतेस?… कंपनी ती जागा कापणार?… गाण्यालासुद्धा कात्री लागते?… आणि नव्या रेकॉर्डी आजच काढायला घेणार. बरं… म्हणजे तुझ्या हो म्हणण्यावर अडलंय… कोण हॉर्न वाजवतंय?… वाजवू दे. कंपनीचा माणूस खाली गाडीत बसलाय ना, बसू दे. तू फोन ठेवू नकोस. रेडिओवर फर्माइशीचा कार्यक्रम लागलाय इथं, तुझं गाणं आत्ता येईलच. रोज येतं.

अगं ऐक ना… कंपनीचं ऐकलंस, पेपरवाल्याचं ऐकलंस, आता माझं ऐक.

पहिल्यांदा लागलं ना, तेव्हा आम्हाला ठाऊकच नव्हतं तुझं आहे म्हणून. मी इस्त्रीवर. वाफ इतकी की समोरचं माणूस दिसत नव्हतं, नुसत्या पांढऱ्या चादरी तरंगताना दिसत होत्या. आणि त्या वाफेतून तो ऑर्गन… रेडिओवाला म्हणाला रॉकचं गाणं, मला वाटलं आता धडाधडा सुरू होणार. तर नाही. सगळं आपलं सावकाश. जसं कोणी झोपेत चालत येतंय. मग आवाज आला. काकू म्हणाल्या, ही आपली पोरगी. मी म्हटलं, गप्प बसा. उचललेली इस्त्री तशीच हातात राहिली होती माझ्या, कशाला खोटं बोलू.

आणि मग ती जागा आली… हो, तीच. तू एक ओळ म्हणतेस आणि पुढची येतच नाही. ऑर्गन बिचारा एकटाच चाललाय… काय?… विसरलीस?

विसरली नव्हतीस तू. थांब, बोलू दे मला. तुझ्या आईबरोबर इथं घड्या घालायचीस, आठवतं? एवढीशी होतीस, हात वर करून टोकं धरायचीस. माझी बहीण त्या टोकाला, तू या टोकाला. चादर झटकायची, एक ओळ तू म्हणायचीस. मग ती चालत पुढं यायची, तुझी टोकं आपल्या हातात घ्यायची, आणि तिची ओळ म्हणायची. ती येईपर्यंत तू गप्प. एरवी तुझं तोंड मिटायचं नाही, पण तिथं गप्प…

ऐकतेयस ना?

स्टुडिओत तू तेच केलंस, बाई. आपली ओळ म्हटलीस आणि आई आता नाही हे विसरून ती येण्याची वाट बघत राहिलीस… मला कसं कळलं? मी नव्हे, काकूंनी ओळखलं. त्या जागेला त्यांचे पाय आपोआप पुढं पडले, चादर धरून. आता रोज पडतात, सगळ्यांचे. शेठ ओरडायला आला होता एकदा, काम मंद झालं म्हणून. तोही दारातच उभा राहिला, गाणं संपेपर्यंत.

नाही… तसं म्हणत नाही मी. पेपरवाला चुकला असंही नाही. त्यानं कधी कोणाबरोबर चादर धरली नसेल, एवढंच… गाणं तुझं आहे. कापायचं तर काप. पण आधी…

शूऽऽ. लागलं. थांब, फोन तिकडं करतो. वायर पुरत नाही… काकू, ते मशीन बंद करा जरा. हं. ऐक.

…

…

ऐकलंस?… त्या जागेला?… हो, काकूच. आणि त्यांच्या मागं बाकीच्या सगळ्या. कोणी शिकवलं नाही गं त्यांना, तुझ्या आईचीच ओळ ती. वर्षानुवर्षं कानावरून गेलेली. रोज म्हणतात… सूर? सुराचं मला विचारू नकोस, मी इस्त्रीवाला.

पोरी?… आहेस ना?

रड, रड. हॉर्नवाल्याला काय घाई आहे…

काय?… पुन्हा सांग, ऐकू नाही आलं… काही कापायचं नाही. बरं… तसंच ठेवायचं. बरं… मग मला काय सांगतेस, खाली जाऊन त्याला सांग. आणि जेवून जा.

हो काकू, आलो… अगं, ठेवतो आता. चादर धरून उभ्या आहेत त्या, दुसऱ्या टोकाला कोणी नाही.