गुळाचा बिरेक

आवं सायेब, उतरताय कुटं? — न्हाई, पाय मोकळं करायचं असतील तर करा की, म्या काय धरून ठेवलंय व्हय — पर ती बॅग कशापाई घेतली हातात? पाय मोकळं करायला बॅग लागती? — काय म्हणता? चालत? वर्धनगडाचा घाट चालत उतरणार तुमी? आन म्या खाली लॉरी घिऊन तुमची वाट बघत बसू? — का पर? सांगलीपास्नं हितवर निवांत आलासा, विट्यात जेवलासा, वडूजात म्या हळदीची पोती उतरवली तवा तुमी पुडं बसून डुलकी बी काढलीसा, आन घाटाच्या तोंडाला आल्याबरुबर एकदम चालायची हौस आली? — हां. आसं व्हय. नव्या बिरेकवर घाट उतरायचा न्हाई म्हणता. बायकापोरं हायत म्हणता. आन आमी काय रानात उगवलोय व्हय सायेब?

बसा, बसा हितं कट्ट्यावर. जैनुद्दीनचं हाटेल हाय, चा चांगला करतो. जैनुद्दीनभाई, दोन चा आण रं! — आता मला सांगा, तुमी आलासा कशाला? बिरेकची परीक्षा घ्यायला. माझा, जोतीराम यादवाचा अर्ज गेला कलकत्त्याला पेटंटाच्या हापिसात, मुंबईच्या एका कंपनीनं त्याच्यावर हरकत घेतली की ह्यात नवं काय बी न्हाई, ही बिरेकची गादी आदीपास्नंच लोक वापरत्यात — आन ती हरकत खरी का खोटी बगायला तुमाला धाडलं. बरुबर? मग परीक्षा म्हंजी काय? कागुद बगायचा आन बिरेकच्या बाजूनं चालत उतरायचं? पोहणाऱ्याची परीक्षा काठावरनं घेत्यात, ती गोष्ट येगळी. ह्यो बिरेक हाय, सायेब. बिरेकची परीक्षा बसून घ्यायची असती.

— जैनुद्दीन, दगड कशाला लावतुयास रं चाकाखाली? — न्हाई सायेब, ती त्याची सवय हाय. कुणाची बी गाडी थांबली की हा दगड लावतो. माझ्यावर इस्वास न्हाई असं न्हाई. — काय? ‘रोजच्या जाग्यावर लावली’? रोजच्या कुटल्या रं? आज पयल्यांदाच आलोय न्हवं मी हितं? डोळं कशाला मोठं करतुयास? जा, चा बग, उतू गेला. — जरा येडसर हाय त्यो. घाटात वारं लागून लागून हुतंय आसं.

तर गादी. सांगलीत तुमाला दावली, पर तुमी नुसतं हुं हुं केलंसा, ध्यानात आलं का न्हाई कुणास ठावं. परत सांगतो. ही लॉरी अमेरिकन. लढाई सपली, मिलिटरीनं मोडीत काढली, म्या घेतली. बर्मात म्या असल्याच लॉरीवर हुतो, तवा हिचं पोट-पाठ सगळं ठावं. हिला चाकातलं बिरेक हायतच, पर गेरबक्साच्या मागं एक लोखंडाची चकती फिरती, आन हातातला दांडा वडला की दोन गाद्या त्या चकतीला दोन्ही अंगानं धरत्यात — भाकरी चिमटीत धरावी तशा. उताराला चाकातलं बिरेक तापलं की मऊ पडत्यात, पाय दाबा न्हाईतर नाचा, लॉरी ऐकत न्हाई. तवा ह्यो हातातला बिरेक खरा. पर त्याच्या गाद्या झिजल्या, आन नव्या कुटं मिळायच्या? मुंबईला लिवलं, तर ती कंपनी म्हणती, अमेरिकेस्नं येतील तवा देऊ. आता अमेरिकेस्नं गादी येस्तवर म्या काय लॉरीला दावं लावून गोठ्यात बांदू?

म्हणून म्या केली. अंबाडीचा वाख, दोर वळत्यात तो, इटंची भुकटी, आन काकवी. व्हय, काकवी, उसाची. हसा, हसा. सगळीच हसली. वाख काकवीत भिजवायचा, भुकटी मळायची, लोखंडी पत्र्यावर दाबून बसवायचं आन गुऱ्हाळाच्या चुलवाणात भाजायचं — अशी धरती म्हणता, लोखंड वरडतंय. मुंग्या लागत्यात, ती खोटं न्हाई. मुंबईच्या कंपनीनं ती बी हरकतीत लिवलंय म्हणं, मुंग्यांचं. आवं, मुंग्या लागल्या म्हणून धरायचं कमी हुतं का? आन दांडा वडला की गूळ जळाल्याचा वास सुटतो, तो बी खरा. घाटातली पोरं त्या वासानं पळत येत्यात, गुळाची लॉरी आली, गुळाची लॉरी आली —

घाटातली म्हंजी... सांगलीतली. घाट म्हंजी नदीचा घाट. कृष्णंचा. तितं पोरं पवायला येत्यात न्हवं, त्या घाटावरची.

आता तुमी इचारणार म्हणून आदीच सांगतो, आमच्या वकीलसायबांनी समदं समजावलंय. अर्ज करायच्या आदी ती वस्तू लोकांत वापरलेली नसावी. नवी पायजे. कोरी. वापरलेली निगाली की पेटंट न्हाई. पर त्यात एक गंमत हाय — कायदा सरकारी मुलखाचा. सांगली पडलं संस्थान, तितं त्यो लागू न्हाई. संस्थानात चालली तर ती चालली न्हाई, आन सातारा जिल्ह्यात चालली तर ती चालली. तीच लॉरी, तीच गादी, तीच कृष्णा, निस्ती हद्द वलांडली की पाप. वकीलसायेब म्हणालं, जोतीराम, तू सांगलीच्या हद्दीतच फिरवलीस न्हवं? म्या म्हणलं, व्हय. म्हणालं, सरकारी हद्दीत कवा नेली? अर्ज गेल्यावर. घाट? घाट हिनं बघितलाच न्हाई. म्हणालं, शाब्बास, असंच सांगायचं, कुणी बी इचारलं तरी.

आन तुमी इचारलंसा, आत्ताच, वळणावर — जोतीराम, ह्या बिरेकवर घाट कवा उतरलायस का? म्या म्हणलं, कवाच न्हाई. बास. लगीच बॅग हातात.

हां, चा घ्या. जैनुद्दीन, तू जा आता. — जा म्हणलं न्हवं. — काय? चंद्राबाईचं काय? चंद्राबाई बरी हाय, पोरगं बी बरं हाय. जा तू. — न्हाई सायेब, चंद्राबाई माझी बहीण, खाली कोरेगावात दिलीय. त्याला उगा चौकशा लागत्यात.

तर आता तुमीच न्याव करा. बिरेक नवा असला तर तुमी त्याच्यावर बसायला भेता. आन जुना असला तर तुमी त्याला पेटंट देत न्हाई. मग बिरेक असावा तरी कसा? सांगलीत कुटं घाट हाय? सगळ्यात मोठा उतार म्हंजी आयर्विन पुलाचा, तितं म्हस बी बिनबिरेकीची उतरती. घाट सगळं ह्या हद्दीत. हितं आजमावावा तर अर्ज जातो, आन न आजमावावा तर माणसं जात्यात. तुमच्या कायद्यानं बिरेक कुटं करून बगायचा — सपनात?

— न्हाई, थांबा. आवं थांबा, निगालासा कुटं? पुडं वळणावर दगडं सुटल्यात, बूट कसलं घातलंय तुमी, चालायचं न्हवं त्ये. पाय मुरगळला तर आगगाडी चुकंल कोरेगावची. ऐका. ही बगा — तुमच्या जिवासाटनं सांगतो, लिवायसाटनं न्हवं. एकदा उतरलीया. एकदाच. लॉरीत माणूस न्हवतं, निस्ती दगडं भरली हुती, ह्याच घाटात. म्या आन दगडं. दर वळणावर दांडा वडला, थांबली. खाली जाऊन गादीला हात लावला तर हात भाजला, पर गादी शाबूत. झालं समाधान? बसा मग.

न्हाई? दगडावर इस्वास न्हाई? — बरं. दोनदा. दुसऱ्यांदा रंगूबाई हुती. माझी बायकू. तिचं काय झालं, चंद्राबाईच्या लग्नाला वऱ्हाड ह्याच लॉरीतनं न्यायचं ठरलं, आन ही दारात उभी ऱ्हायली. म्हणाली, पोरीबाळी तुमच्या गुळावर घाट उतरणार, आदी मी बसून बगणार. म्या म्हणलं, अगं दगडं उतरवल्याती की. म्हणाली, दगडांना काय इचारता, ती काय बोलणार हायत? आन चढून बसली, लॉरीत पुडं, त्याच जाग्यावर, जितं तुमी बसला हुता. लुगड्याचा पदर दातात धरला, डोळं मिटलं, आन म्हणाली, चला. सायेब, बर्मात डोंगर उतरलोय, वरनं विमानं, खाली दरी, आमच्या अर्जुनाची लॉरी डोळ्यादेखत खाली गेली बिरेक जळून — लय जवळचा गडी हुता, अजून सपनात येतो — पर तवा बी म्या दांडा इतका जपून वडला न्हवता जितका रंगूबाई शेजारी बसल्यावर वडला. खाली आलो. डोळं उघडलं, बिरेककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन म्हणाली, ‘हूं. थांबतीया.’

बास. एवढंच. सर्टिफिकेट.

मग काय, दुसऱ्या दिशी समदं वऱ्हाड! वडूजास्नं निगालो, नवरी पुडं, बाया मागं, वाजंत्री टपावर चढायला बघत हुतं, त्यास्नी खाली वडलं. आन त्या तिसऱ्या वळणावर, ती बगा, ती आंब्याचं झाड दिसतंय न्हवं, तितं चाकातला बिरेक गेला. पाय खाली भुईला टेकला. लॉरी सुटली. मागं वाजंत्री वाजतंय, बाया गाणी म्हणत्यात, कुणालाच पत्त्या न्हाई, आन रंगूबाई एकटी माझ्याकडं बगतीया, कारण तिला ठावं. म्या दांडा वडला. गुळाचा वास आला. लय गोड वास आला, सायेब. आन लॉरी थांबली, झाडाच्या अलीकडं. मागनं एक म्हातारी वरडली, आरं, काकवी कुणाची सांडली? — त्या जैनुद्दीननं पळत यिऊन दगड लावला चाकाखाली. तवापास्नं त्याला सवयच लागली, माझी लॉरी बघितली की दगड. आता कळलं? आता बसता?

शाब्बास. बसा. ठेवा बॅग. आता कसं लॉरीत चढून मांडी घालून बसलासा! लॉरीभर माणसं उतरली म्हणल्यावर जिवात जीव आला, व्हय न्हवं? वडूजात इचारा कुणाला बी, पुसेगावात इचारा, कोरेगावात इचारा — ह्या घाटाखालच्या कंच्याबी गावात इचारा गुळाचा बिरेक कुणाचा, शेंबडं पोर बी सांगंल — लग्न? लग्न वैशाखातलं. ह्या गेल्या न्हवं, त्याच्या आदल्या वैशाखातलं. आवं, चंद्राबाईचं पोरगं रांगाया लागंल आता. अर्ज म्या दसऱ्याला —

काय लिवताय?

सायेब, काय लिवताय त्ये?

...आरं देवा. वैशाख आदी आन दसरा मागनं. व्हय की.

म्या म्हणलं हुतं, लिवायसाटनं न्हवं म्हणून. — व्हय, तुमचं काम हाय त्ये, मला बी कळतंय. मिलिटरीत हुतो म्या. — काय म्हणता? हळू बोला. — म्हंजी, वऱ्हाडाच्या टायमाला गाद्या कंपनीच्याच हुत्या असं सांगायचं? आन दगडाचं, रंगूबाईचं घडलंच न्हाई? मग तुमी खोडणार? — खोडता म्हणता. माणूस वंगाळ न्हाई तुमी, सायेब. तेवढं एक वाक्य म्हणलं की पेटंट माझं, नाव माझं. कलकत्त्याच्या कागदावर जोतीराम यादव, छापून. अर्जुनाच्या आईला दावलं असतं म्या त्ये. म्हणलं असतं, मावशे, ह्यो त्याच्यासाटनं.

म्हणतो. त्यात काय. वकिलानं पढवलंयच की. — लिवा. जोतीरामाची गादी वैशाखात नव्हती. वऱ्हाड कंपनीच्या गादीवर —

कंपनीच्या गादीवर थांबलं असतं व्हय त्ये? तिचा तर चुरा झाला हुता! आन रंगूबाई? ती पदर दातात धरून बसली, ती कशावर बसली? आता घरी जाऊन म्या तिला काय सांगू — तू बसलीच न्हवतीस? सगळं गाव हसत हुतं काकवी बघून, आई म्हणायची, लढाईतनं आल्यापास्नं पोराच्या डोस्क्यात फरक पडलाय, तवा एकटी ती बसली माझ्या शेजारी. तिनं घेतली परीक्षा. आन तुमी म्हणता ती परीक्षा खोडा, म्हंजी तुमची पास हुती?

न्हाई. न्हाई सायेब. खोडू नगा. लिवा. बसली हुती म्हणून लिवा, रंगूबाई जोतीराम यादव, नाव नीट लिवा. वऱ्हाड बी लिवा. वाजंत्री बी लिवा. बिरेक जुना हाय, वापरलेला हाय, समद्यांच्या देखत चाललेला हाय. झालं लिवून? वाळली शाई?

मग उतरा.

— व्हय, खालीच. मस्करी न्हाई. मगाशी बिरेक नवा हुता तवा तुमचा पाय लॉरीत ठरंना, आन आता माझा अर्ज मेला तवा कसं टेकून बसलासा! ती जागा तुमची न्हाई. ती रंगूबाईची हाय. — गाडी न्हाई चुकायची, उतारच उतार हाय, पाय आपसूक पडत्याल. निस्तं आंब्याच्या वळणावर जपा, तितं भल्याभल्यांस्नी थांबता येत न्हाई. — बॅग ऱ्हायली तुमची, ही घ्या.

जैनुद्दीन, काढ रं दगड.