टायमावरची गोळी

— हा, उकंडाच लिहा. हासू नोका, मायबापानं ठेवलेलं नाव हाये. माझ्या आंधी तीन लेकरं गेलती आमच्या मायची, मंग मी झालो तं मले उकिरड्यावर नेऊन लोळवलं, का मौतीले वाटावं हा कचराच हाये, याले कायले न्याव. आन् नेलं नाही तिनं. शहात्तर वर्षं झाली, विसरली मले, आन् आता घर शोधत आली तं बुढीसाठी. पुढं काय लिहाचं? पेशंटचं नाव? मंग ते आंधी नाही का विचारत — सांभाळणाऱ्याचं आंधी आन् पेशंटचं मागून, हे कसलं फारम. सत्यशीला उकंडा मुनेश्वर. वय तिलेच माहीत नाही, सत्तर लिहा. आजार तुमालेच माहीत, गर्भाच्या पिशवीचा कॅन्सर, आता पाठीच्या हड्डीत उतरला म्हणतेत. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एकवीस दिवस होतो आमी. मंग तिथल्या डॉक्टरनं मले बाहीर बोलावलं आन् म्हणे, बाबा, घरी न्या. म्या विचारलं, बरी झाली का. तो पोट्टा खाली पाहाले लागला. म्या पस्तीस वर्षं गाडी चालवली, सिस्टर, मेकॅनिक खाली पाहाले लागला का समजाचं, इंजिन गेलं.

बसा ना नीट, ती खुर्ची हालते, भितीले टेकवून घ्या. पांढरकवड्यावून इतक्या उन्हात स्कूटीवर आल्या तुमी, दीपा म्हणल्या ना नाव? बरं. दीपाबाई, मी सरळ बोलतो, राग मानू नोका. आमच्या इंदुताईनं — आशा हाये ती गावची — तिनं सांगतलं, आता दवाखाना घरी येते, नाव घालून घ्या. मले वाटलं, चला, कोणी तरी बरी कराले येते. तुमी आत गेल्या, तिले पाहलं, पाठ पाहली, तोंड पुसलं, तिच्याशी अर्धा तास बोलल्या — माझ्याशी तं ती पन्नास वर्षांत एवढं गोड नाही बोलली — आन् बाहीर येऊन मले सांगता का आमी बरं कराले नाही येत, दुखू नये म्हणून येतो. मंग तसं पयले सांगाव ना माणसानं. नाही, सही नाही म्हणत नाही मी. करतो. अंगठा नाही, सही येते मले, लायसनसाठी शिकलो होतो.

ऐकून राह्यल्या ना? हे असंच चालते तिचं. ऊं — मंग थोडं थांबते — मंग ऊं. सकाळपासून. कालही असंच. तुमी तिले विचारलं, दहापैकी किती दुखते, म्या ऐकलं दारातून. काय सांगतलं तिनं? नऊ? नऊ म्हणली का. पाहा, दहापर्यंत मोजता येते तिले, तरी एक आपल्यापाशी राखून ठेवला. तशीच हाये ती. माझ्या मायनं तिले चुलीजवळ उभं राहू नाही देल्लं दोन वर्षं, तवाही माहेरी जाऊन सारं नाही सांगतलं कधी.

तो कागद? तो आमच्या प्रेरणानं चिकटवला, लेकीनं. चंद्रपूरले देल्ली तिले, दवाखान्यात चार दिवस राह्यली, घरी आणलं त्याच दिवशी हा कागद लावला, तिची बी शाळेची नोकरी हाये, गेली. तिनं रकाने आखून देल्ले — सकाळी सहा, दहा, दोन, सहा, रात्री दहा. गोळी देल्ली का रकान्यात खूण कराची. म्हणे बाबा, टायम चुकवू नोका. म्या म्हणलं, मले टायम शिकवते का तू, हैदराबादचा माल मी घड्याळ न पाहता नागपूरले आणत होतो. पाहा ना, एकही रकाना रिकामा नाही. दहा दिवस झाले. काय? साऱ्या खुणा सारख्या दिसतेत? एका माणसानं एका पेननं केल्या तं सारख्याच दिसन, त्यात काय पाहाचं. हा, आजची रात्रीचीही झाली हाये. म्हणजे — रात्र झाली नाही अजून, ते खरं हाये. हात गेला असन पुढं. म्हातारा माणूस हाये.

गोळ्याचं पाकीट हाये ना, हाये. आत हाये कुठंतरी. मोजाच्या हायेत? कायले मोजाच्या, म्या काय विकून खाल्ल्या? चहा घेता का? घ्याच लागन, बिना दुधाचा घ्या मंग. नाही? पाण्याला तरी नाही म्हणू नोका. बुढीले समजलं सिस्टर कोरडी गेली तं मले — बरं, पाकीट. आणतो. जरा दम काढू द्या, गुडघा धरते माझा. अशा पाहून काय राह्यल्या माझ्याकडं? माझ्या डोळ्यात काय गोळ्या हायेत?

एक विचारू तुमाले? ही गोळी कशाची असते, तुमाले माहीत हाये ना? मलेही हाये. लेकीनं नाही सांगतलं, ती म्हणे दुखण्याची हाये. गोळ्या देणाऱ्या पोट्ट्यानं सांगतलं, दवाखान्यातल्या खिडकीतून — आजोबा, अफूची हाये, सांभाळून ठेवजा, कोणाच्या हाती लागू देऊ नोका. सहीही घेतली माझी. तो आपला चांगल्यासाठीच बोलला. पण म्या अफू पाहली हाये, दीपाबाई. पुस्तकात नाही पाहली.

माझा जोडीदार होता भीमसिंग. दिग्रसकडल्या तांड्याचा, गोरा, उंच, गाडीत बसला का गाडी भरल्यासारखी वाटे. अकरा वर्षं आमी दोघं एका गाडीवर, तो चालवे तं मी झोपो, मी चालवो तं तो. त्याले मुतखडा होता. मे महिन्यात मिरची भरून येत होतो खम्ममवून, आदिलाबादच्या इकडं त्याले अशी कळ आली का स्टेरिंगवर डोकं आपटाले लागला. हा असा मोठा माणूस, लेकरासारखा. ढाब्यावाल्यानं काळी गोळी काढून देल्ली, मुगाएवढी. म्हणे चहासंग घे, पाच मिंटात उतरन. उतरली. खरंच उतरली, तो हासलाही माझ्याकडं पाहून. माझ्या सीटमागच्या फळीवर जाऊन निजला. मी गाडी काढली. पैनगंगा पार केली, पाटणबोरी गेली, पांढरकवडा आला — इथून घर दिसते म्हणलं त्याले, तुझी भाभी भाकरी थापून राह्यली असन, थांबाचं का. बोलला नाही. म्या म्हणलं निजू दे, किती दिवसानं निजला. त्याच्यासाठी केळं घेतलं वडनेरले. हिंगणघाट, जाम, बुटीबोरी — मी त्याले सांगत होतो सारं, का सत्यशीलाले पुन्हा दिवस गेले, का या डाव पोट्टा झाला तं तुझंच नाव ठेवतो. मले इतकं बरं वाटत होतं का याचं दुखणं गेलं. कळमन्याच्या मार्केटात गाडी लावली, पाय धरून हालवला त्याले, चल ना बे, उतर.

थंडा होता. पायच थंडा होता.

आता तुमी सांगा, म्या कुठवर बोललो जित्त्या माणसाशी आन् कुठवर मेल्याशी? पाटणबोरीपर्यंत? का वडनेरपर्यंत? मले आजही ठावं नाही.

हो, हो, समजलं, तुमची गोळी मोजून असते. तो ढाब्यावाला बी मोजूनच देल्ली म्हणत होता. तुमची दवाखान्याची हाये, डॉक्टरनं लिहलेली हाये, लहान सुरुवात करतेत, वाढवत नेतेत — प्रेरणानंही सांगतलं हे सारं. मी मूर्ख नाही. समजते मले. समजणं डोक्यात असते, हात कुठं ऐकतो डोक्याचं.

हळूच तं बोलून राह्यलो. माझा आवाजच असा हाये, इंजिनाजवळ जलम गेला, कान गेले निम्मे.

आता कोणाले फोन लावून राह्यल्या? डॉक्टरले? काहून? — दहा दिवस गोळी चालू हाये, तरी नऊ दुखते, म्हणजे पुरत नाही, म्हणून वाढवाची? किती वाढवाची? डबल? म्हणजे तुमी आता इथं, तुमच्या हातानं, तिले डबल —

थांबा. लागला का फोन? लागला असन तं कापा. खाली ठेव तो फोन, पोरी. ठेव म्हणतो ना.

नाही देल्ली म्या. डबल नोको देऊ तिले, तिच्या पोटात एकही नाही गेली. पाकीट तिथं, त्या रेक्झिनच्या पिशवीत हाये, गाडीचे कागद ठेवत होतो त्यात. मोज पाह्यजे तं. जेवढ्या आणल्या तेवढ्या हायेत. खुणा म्या केल्या. तीन दिवसाच्या एका डावात बसून केल्या. आन् तिले काय देत होतो — ते कॅल्शियमच्या गोळ्या असतेत ना पांढऱ्या, इंदुताई वाटते त्या, मोठी असते ती, तोडून अर्धी कराची, का दिसाले तेवढीच दिसावी. सहाले, दहाले, दोनले. टायम नाही चुकवला एकही. पाणी पाजून, पाठीखाली हात घालून उठवून, तोंडात ठेवून.

आन् ती काय म्हणे माहीत हाये? मले शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. परवा म्हणे, तुमी एवढ्या टायमावर देता हो, तरी लागू नाही पडत, त्याले तुमी तरी काय करान. आपल्यासारख्याले दवाई लागू पडाले नशीब लागते. माझ्या तोंडावरून हात फिरवला. मलेच समजावून राह्यली ती. मी अर्धी गोळी मुठीत धरून बसलो होतो, आन् ती मले समजावून राह्यली.

तू तरी शिव्या दे मले. बोल ना. म्हाताऱ्याले शिव्या द्याची लाज वाटते का? तुझा बाप असता तं दिल्या असत्या का नाही? मंग दे.

सांगू का खरं. भीमसिंगचं मी तुले सांगतलं, ते खरं हाये, पण तेवढंच नाही. पयल्या दिवशी त्याच्या भेवानं नाही देल्ली. दुसऱ्या दिवशीही. मंग चवथ्या-पाचव्या दिवशी भेव नव्हतं राह्यलं तेवढं. प्रेरणानं फोनवर विचारलं, बाबा, आराम हाये ना? म्या म्हणलं, हाये. आता कसं देऊ? देल्ली आन् तिले खरंच आराम पडला तं — तं मंग ते चार दिवस माझ्यावर येतेत ना. तिले समजन का दवाई लागू पडत होती, बुढ्यानंच नाही देल्ली. म्हणून सहावा दिवस. म्हणून सातवा. समजलं का तुले? तिचं दुखणं म्या माझ्या तोंडासाठी चालू ठेवलं.

आन् हेही लिहून घे, कुठं लिहाची जागा असन तं. मी इथं ओसरीत बसतो आन् कान देऊन ऐकतो. ऊं केलं तिनं का मले बरं वाटते. चालू हाये. ड्रायव्हर इंजिन ऐकते तसं. थोडं लांबलं मधलं, तं मी उठून दारात जातो. बाईमाणूस आत जळून राह्यली आन् मी बाहीर बसून म्हणतो, चालू हाये, चालू —

ऐक.

काहून थांबली? कधीपासून थांबली? तू ऐकलं का? मी बोलत होतो, मले नाही — केव्हाचं ऊं नाही आलं. दीपाबाई, उठ. नाही, तू थांब, मी पाहतो. गुडघा — सत्यशीला. ओ सत्यशीला.

जागी हाये. डोळे उघडे हायेत. इकडंच पाहून राह्यली.

काय म्हणते?

हो. आलो. हो म्हणलं ना — ऐकू आलं मले. आणतो.

ती पिशवी दे इकडं, पोरी. ‘आता खरी आणा’ म्हणते. एकच ना? साबूत एक, तोडाची नाही? आन् फोन कर तू तुझ्या डॉक्टरले, सांग, पयली हाये म्हणून, आजची पयली. अंगणात जाऊन कर. आत येऊ नोको. तिले मले काय बोलाचं असन ते बोलू दे, किती वेळ लागते ते लागू दे. तू हाक मारल्याबिगर येऊ नोको. जा, दार लोटतो मी.