तबेल्यामागचा ओक

(थॉर्नलॉ, नॉर्थम्बरलंड, १९९८. सर गॉडफ्रींना माती देऊन सहा आठवडे झाले आहेत. न्याहारीच्या टेबलाशी त्यांच्या पत्नी लेडी विनिफ्रेड आणि थोरला मुलगा ऑबरी. दाराशी त्यांची जुनी दासी ट्रँटर, ती विनिफ्रेडबाईंबरोबर बेचाळीस वर्षांपूर्वी या घरात आली.)

ट्रँटर : सर ऑबरी, झाडं तोडणारे आलेत. तबेल्यामागच्या ओकला हात लावू का, विचारतायत.

ऑबरी : थांबायला सांग त्यांना. आई, या दाखल्यावरची तारीख कारकुनाची चूक नाही. आधी मीही तसंच समजलो. पण खाली तुझी सही आहे. तिची ती लांब शेपटी मी शाळेत आलेल्या तुझ्या प्रत्येक पत्रावर पाहिलीय.

विनिफ्रेड : टोस्ट निवतोय तुझा.

ऑबरी : निवू दे! घराण्यात बापाकडून मुलाकडे येणाऱ्या ‘सर’ या पदवीच्या नोंदीसाठी तुमच्या लग्नाचा दाखला लागतो, म्हणून मी तो मागवला. आपल्या चॅपेलमधल्या लग्नाची नोंद सरकारदरबारी कुठेच नाही. सापडली ती न्यूकॅसलच्या नोंदणी कचेरीतली. मार्च अठ्ठावन्न. आई, तेव्हा मी सात महिन्यांचा होतो!

ट्रँटर : बाईसाहेब, मी जाते.

विनिफ्रेड : थांब. साक्षीदार म्हणून तुझंही नाव आहे त्यावर.

ऑबरी : ट्रँटी, तूसुद्धा?

ट्रँटर : मी आणि ड्रायव्हर डॉड. तुम्ही माझ्या मांडीवर होतात, सर ऑबरी. रडून कचेरी डोक्यावर घेतलीत. त्या बिचाऱ्या साहेबाला सगळं दोनदा वाचावं लागलं.

ऑबरी : म्हणजे आईबापांच्या लग्नाला मी जातीनं हजर होतो. वा! मग जिन्यावरचा तुमच्या लग्नाचा फोटो? अडीचशे पाहुणे, तुझा तो झिरझिरीत बुरखा, ते सगळं नाटक?

विनिफ्रेड : फोटो खरा आहे. लग्न तेवढं खरं ठरलं नाही. तुझ्या आजोबांचं गावच्या पाद्र्याशी वाजलं होतं. शिकारी कुत्री कोल्ह्यामागे दफनभूमीतून धावली, कबरींवरची फुलं तुडवली. पाद्र्यानं रविवारी भर चर्चमध्ये ते बोलून दाखवलं. आजोबा म्हणाले, माझ्या मुलाचं लग्न त्या माणसाच्या हातून लागणार नाही, घरच्या चॅपेलमध्ये लागेल.

ऑबरी : लागेल की. त्यात काय?

विनिफ्रेड : त्याला आर्चबिशपचा खास परवाना लागतो. लग्न लावणाऱ्या म्हाताऱ्या धर्मगुरूनं दोनदा आठवण केली. आजोबा गरजले, ‘माझ्याच छपराखाली मी कुणाची परवानगी मागू?’

ऑबरी : आणि कुणी एक शब्द काढला नाही?

ट्रँटर : थोरल्या साहेबांपुढे? त्यांच्यापुढे घड्याळसुद्धा दबकून वाजायचं.

विनिफ्रेड : मी हसले होते, ऑबरी. वीस वर्षांची होते. मला ते फार रुबाबदार वाटलं. पुढे नवा पाद्री आला, भला माणूस. जुनी कागदपत्रं चाळताना त्याच्या ध्यानात आलं. मग वकील आले. म्हणाले, नकळत झालं असतं तर निभावून गेलं असतं. पण परवाना नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तुला दूध पाजत मी ते ऐकत होते.

ऑबरी : बरं, पुन्हा लग्न केलंत ना? मग मिटलं.

विनिफ्रेड : तू आमचा कायदेशीर मुलगा झालास, एवढं मिटलं. पदवी तशी मागाहून चिकटत नाही. ती लग्नानंतर जन्मलेल्याची.

ऑबरी : म्हणजे... धाकट्या नेडची.

विनिफ्रेड : हो.

ऑबरी : बंदरावर बोटी दुरुस्त करणाऱ्या नेडची! आणि आजोबांच्या मृत्युपत्राप्रमाणे पदवी जिथे, घर तिथे. एकेचाळीस वर्षं मी या घराची कौलं मोजतोय, आई. छप्पर कुठे गळतं ते मला झोपेतही सांगता येईल. दफनाला नेड डांबर लागलेले बूट घालून आला, तर मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, या घराची तरी लाज राख. या घराची!

विनिफ्रेड : नोंदीचा अर्ज करूच नकोस. सगळे तुला ‘सर’ म्हणतातच. कोण विचारायला येतंय? तुझ्या वडिलांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

ऑबरी : आणि तू?

विनिफ्रेड : मी एक झाड लावलं.

ऑबरी : काय?

विनिफ्रेड : थोरला मुलगा जन्मला की समोरच्या हिरवळीवर ओक लावायचा, पितळी पाटी ठोकायची. तुझा तिथे आहेच. धाकट्यासाठी लावायची रीत नाही. नेड झाला तेव्हा मी माळ्याकडून एक लावून घेतला. तबेल्यामागे. पाटीशिवाय.

ऑबरी : देवा! तो ओक? तबेल्यात अंधार होतो म्हणून मी तीनदा तोडायला सांगितला तो?

ट्रँटर : पहिल्यांदा मी म्हटलं, करवत मोडलीय. दुसऱ्यांदा म्हटलं, त्यात घुबडाचं घरटं आहे.

ऑबरी : होतं ना पण. मी स्वतः घुबड पाहिलं होतं!

ट्रँटर : पेंढा भरलेलं होतं. शिकारखान्यातलं. मीच शिडी लावून बसवलं.

ऑबरी : आणि आज?

ट्रँटर : आज काही सुचलं नाही, सर ऑबरी. गुडघे शिडी चढू देत नाहीत. म्हणून विचारायला आले.

विनिफ्रेड : रागाव हवं तर, ऑबरी.

ऑबरी : रागावेन. सवडीनं रागावेन. ट्रँटी, त्या माणसांना चहा पाज आणि परत पाठव.

ट्रँटर : होय, सर ऑ—

ऑबरी : आणि नेडला फोन लाव.

विनिफ्रेड : काय सांगणार आहेस त्याला?

ऑबरी : आधी सांगेन की बुटांवरून बोललो ते चुकलं. तेवढं माझं आहे, मी सांगेन. बाकीचं तुझं आहे, आई. ते तू सांगायचं.

विनिफ्रेड : माझ्यानं होणार नाही.

ऑबरी : मी शेजारी बसेन. मागच्या खेपेलाही हजर होतोच की.

ट्रँटर : फोन लावते, ऑबरीबाबा.