प्रभुभोजनाचा पाव

—न्हाय म्हटलं न्हवं, प्रेरणा? रडून काय हुनार हाय? बस तितं स्टुलावर, आन त्या पावाला हात लावू नगंस, उद्या प्रभुभोजनात वाटायचा हाय. शाहूपुरीतल्या बेकरीतनं आणलाय सकाळीच. व्हय, अजून मीच कापते — कडा काढायच्या, बारके चौकोन करायचे, पांढऱ्या फडक्याखाली झाकायचे. चर्चची सगळी मंडळी माझ्या हातचं खाती. तुझ्या पप्पानंबी इतकी वरसं खाल्लं की! तवा न्हाय आठवली व्हय बहीण? आता कॅन्सरनं अंथरूण धरलं, पाळकसाहेब घरी पाव घिऊन आलं, तर म्हणतो कसा — एस्तेर माफ केलं म्हणंपतूर मी घेणार न्हाय! कुणाशी वैर असलं तर आधी मिटवायचं, मग प्रभूच्या मेजाशी जायाचं, ह्यो नेम त्येला आत्ता सुचला. आन तू आलीस पळत, आत्तीला न्यायला.

तुला काय सांगितलंय त्येनं? आत्ती रुसलीया? रुसली! आगं, जोतीरामचं नाव कवा ऐकलंस का घरात? कुठनं ऐकणार. वारणानगरला डेअरीत हुता, आपल्या मंडळीतलाच. लगीन ठरत आल्यालं. तुझ्या पप्पानं मला शेजारी बसवलं, बायबल उघडलं मांडीवर, आन काय गोड आवाज काढला — इच्छा सोड एस्तेर, आपलं आपलं म्हणून जे हाय ते सोडलं की देव भेटतो. मला खरं वाटलं गं! देवाचं याड हुतं मला. सोडलं मी. आई अर्धांगानं पडल्याली, तिचं हागणं-मुतणं काढत बसले, म्हटलं ह्यातनंच देव येणार. त्येनं काय सोडलं? त्याच साली तुझ्या आईला लगीन करून आणली. आन आईला माती दिऊन आलो त्या दिशी, चहा पीत हसत म्हणतो — बरं झालं तू लगीन केलं न्हाईस, न्हायतर म्हातारीचं कुणी बघितलं असतं! हसत म्हणाला, प्रेरणा. जोतीराम गेला तो गेला, देवबी काय आला न्हाय माझ्याकडं.

म्हणून जा आन सांग त्येला — आत्ती म्हणाली, इच्छा सोड. पावाची सोड, माफीची सोड, सगळी सोड, मग भेटंल देव. असंच्या असं सांग, येक शब्द गाळू नगंस. बघतीस काय अशी? मरतानासुदीक माझ्याकडनंच घ्यायचं हाय त्येला!

काय म्हणालीस? मी तरी कुठं घेते त्यो पाव? — कुणी सांगितलं तुला? पाळकीणबाईनं व्हय. बघितलं असंल तिनं. लोकास्नी वाटतं म्हातारी लई लीन हाय, सोता न घेता ताट फुडं सरकवती. तुझा पप्पा चर्चचा वडील, पंचच म्हण की, ताट घिऊन फिरायचा, माझ्यापाशी थांबायचा — त्येला येकदाबी कळलं न्हाय. आता मनात ह्ये असलं जळतंय, त्येच्यावर प्रभूचा घास कसा घालू? माणसाशी बोलीन खोटं, देवाशी न्हाय बोलणार. भूक न्हाय व्हय मला? त्येच्यापरास जास्त हाय. जोतीरामचं तोंडसुदीक आठवत न्हाय आता, त्येचं काय न्हाय. पर त्या मेजाशी जायाचं, ते न्हाय गं सुटत. डोळं मिटलं की तेवढंच मागते, आन मागता मागता मधी तुझ्या पप्पाचं तोंड येतं. मग उठते आन भांडी घासत बसते.

ठावं हाय मला, नगं शिकवू! तितं येऊन येक शब्द बोलले तर त्येलाबी मिळंल आन मलाबी मिळंल. पर त्येला मिळणार असंल तर मला नगं.

ऊठ आता. डोळं पूस. दार वढून घे जाताना, कोंबड्या आत येत्यात.