मिठाचा पिवळा खडा

भिवंडी स्टँडवर पडघ्याच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे हातात कागदाची पुडी धरलेल्या कॉलेजातल्या एक शिक्षिका होत्या आणि त्यांच्यापुढे पाटीवाली म्हातारी.

“बाई, कागदात खडीसाखर हाय का?”

“मीठ आहे, मावशी. पांढरंच होतं. लॅबमध्ये क्ष-किरण सोडले, पिवळं झालं.”

“रंग घातला?”

“नाही. आतला एक कण जागा सोडून गेला. त्या रिकाम्या जागेत विजेचा इवलासा कण येऊन बसला. तो उजेडातला निळा रंग पितो, म्हणून आपल्याला पिवळं दिसतं.”

“कायमचं?”

“अंधारात टिकतं. उन्हात तो कण निघून जातो, मीठ पुन्हा पांढरं होतं.”

“माझा पोऱ्या मंगळ्या वारला. चुलीपाशी त्याची जागा रिकामीच ठेवली मी. आता तिथं मांजर येऊन बसतंय.”

“हाकलता?”

“न्हाय. बाई, खडा झाका. ऊन आलं.”