मीटरमधले सेल

दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते आणि मधोमध, डोळे मिटून, त्याची आई.

“डॉक्टरांना त्या सिलिंडरचं सांगणार आहात ना?”

“त्याचा इथे काय संबंध? सोड्यात असतो तोच गॅस. रोपं जोमानं वाढावीत म्हणून त्यांच्या खोलीत थोडा सोडतो.”

“रोपं वाढतायत, आणि शेजारच्या खोलीत आई रोज सकाळी डोकं धरून बसतायत.”

“वय झालंय तिचं.”

“ताईंकडे आठवडाभर ठणठणीत होत्या. तेव्हा वय कुठे गेलं होतं?”

“अगं, मीटर लावलंय. गॅस जास्त झाला की ते वाजतं.”

“महिनाभरात एकदाही वाजलं नाही.”

“म्हणजे सगळं ठीक आहे.”

“काल मी ते उघडलं. आत सेलच नाहीत.”

“काय सांगतेस?”

“तुम्हीच काढले असणार.”

“मी हातही लावलेला नाही.”

“मग सेलना काय पाय फुटले?”

“मी आईच्या जिवावर उठलोय असं वाटतं तुला?”

“तिच्यावर डाफरू नकोस रे. सेल मी काढले.”

“आई, तू?”

“ते वाजलं की तू सगळं बंद करून भिंतीकडे बघत बसायचास. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच, त्या रोपांपायी, तू गुणगुणत उठायला लागलास. म्हटलं, डोकंच ना, दुखेल थोडं.”

आतून आजींना बोलावणं आलं. त्यांना धरायला दोघंही एकदमच उठले.