ताईचं भाकीत

आमच्या ताईची गंमत सांगते. ती अमरावतीला जिवाणूंवर संशोधन करते. जनुकांना आवर घालणारे चिमुकले आरएनए जिवाणूत कुठे असतील, हे ती कॉम्प्युटरवरून ओळखते; मग प्रयोगशाळेत ते तपासतात. परवा ती अकोल्याला घरी आली, पण तपासणीचा निकाल यायचा होता, म्हणून तिला जेवण जात नव्हतं.

बाबा शेजारच्या काकूंना ऐटीत म्हणाले, "माही पोरगी कॉम्प्युटरवर भाकीत करते!"

काकू लगेच मुलाची पत्रिका घेऊन आल्या. तेवढ्यात ताईचा फोन वाजला.

"बाबा, माझी दोन भाकितं खरी निघाली!" ती ओरडली.

"कितीपैकी वं?" काकूंनी विचारलं.

"दहापैकी," ताई लाजली.

"मंग तूच पाह्य ही पत्रिका. आमच्या गुरुजीचं तं अजून एकबी खरं नाई निघालं!"